पंखाला चिकटलेली साडी

विमानाच्या पंखाला कापडाचा पोत द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (याहून मोठा गाढवपणा करून माणसं निवडून येतात.)

मी प्लास्टिकची छोटी विमानं जुळवतो. राजापेठेतली आमची गल्ली याला 'खेळणं' म्हणते. गल्लीची अक्कल दुचाकी कुठे आडवी लावायची एवढ्यापुरतीच, म्हणून मी मनावर घेत नाही. यंदा अकोल्याच्या प्रदर्शनासाठी मी शंभर वर्षांपूर्वीचं दुपंखी विमान केलं, एक पंख खाली, एक वर. प्रदर्शनाच्या ग्रुपवर फोटो पाठवला, तर अकोल्याच्या संघपालचा लगेच फोन. हा गृहस्थ आयटीआयत शिकवतो आणि दर वर्षी पहिला येतो; दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतो.

"ललितभाऊ, त्या काळी पंखावर कापड रायत होतं. तुमचा पंख साबनाच्या वडीवानी गुळगुळीत दिसून राहिला."

साबणाची वडी! मी दोन घास कमी जेवलो. (तिसऱ्यांदा वाढलेला भात परत केला.)

उपाय मीच काढला. पंखावर पातळ पुट्टीचा हात द्यायचा, ओली असतानाच तलम कापड दाबायचं, दहा मिनिटांनी अलगद सोलायचं. वीण जशीच्या तशी उमटते. आमच्या घरातलं सगळ्यात तलम कापड म्हणजे बायकोची, नीलमची, पांढरी सुती साडी. बुद्धपौर्णिमेला वंदनेसाठी ती हीच नेसते. नीलम बाहेर गेली होती. दुपारी दोनला मी साडीचा पदर पंखावर दाबला आणि दहा मिनिटं पडलो. उठलो तो तिच्या आवाजाने. पाच वाजले होते.

"अवो, माह्या साडीले पंख काहून फुटले?"

"हात लावू नको! पोत उमटून राहिला."

"पोत तं साडीले होताच. तुमी त्याच्यावर सिमेंट थापलं."

साडी ओढली तर पंख वाकायचा, पंख ओढला तर साडी टरकायची. शेवटी मी कात्री आणली आणि साडी कापली. (पंखही कापता आला असता, हे नीलमने सांगितल्यावर सुचलं.) पदराला चार बोटं लांब, दोन बोटं रुंद भोक. पंखावर आता पोत नव्हता, कापडच होतं. मी ते रंगवून टाकलं.  नीलम चार दिवस समोर बसून सुईदोरा घेऊन काहीतरी करत होती. असल्या बायकी शिवणटिपणाकडे बघायला माझ्यासारख्या कारागिराला वेळ नव्हता.

अकोल्याला ती आली, तीच साडी नेसून. "लोकायले दिसू द्या, तुमी काय केलं ते."

परीक्षक होते पंजाबराव, निवृत्त इंजिनीयर. त्यांनी पंखावर भिंग धरलं.

"हा पोत हाय का गोनपाट?"

संघपाल टपलेलाच होता. "विमान बहात्तर पट लहान, मंग धागाबी बहात्तर पट बारीक पायजे ना! ह्या हिशोबानं ललितभाऊनं पंखावर चऱ्हाट विनलं."

"कापड कोन्तं घेतलं?" पंजाबरावांनी विचारलं.

"हे," नीलमने पदर पुढे केला. "इथूनच कापलं यायनं."

"कुठून?"

"इथून."

पंजाबरावांनी भिंग लावलं. चष्मा पुसून पुन्हा लावलं. मग संघपालने पाहिलं. "धागा कुठं जोडला, ताई?" या माणसाला अदबीने बोलता येतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

"काठाच्या आतले धागे काढले अन् भोकावर विनले. एक वरून, एक खालून."

मीही वाकून पाहिलं. मी स्वतः कापलेलं भोक मला सापडेना. चार दिवस ती हे माझ्यासमोर बसून करत होती. हातातलं विमान मी जरा पाठीमागे धरलं. ते कोणी मागतही नव्हतं.

"पुढच्या वर्षी परीक्षक ह्या बाई," पंजाबरावांनी तिथेच जाहीर केलं.

माझी छाती फुगली. घरचाच परीक्षक! संघपालचं पहिलं येणं संपलं. मी टेबलाशी जाऊन पुढच्या वर्षीचा फॉर्म मागितला. संघपालने फॉर्मवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"परीक्षकाच्या नातेवाइकाले भाग घेता येत नाही, ललितभाऊ."

मी नीलमकडे पाहिलं. तिने पंजाबरावांचं भिंग मागून घेतलं, ती ओळ सावकाश वाचली आणि म्हणाली, "बरोबर हाय."