रस्सीवरचं नेटवर्क

मानपाड्याच्या मातोश्री आवडाबाई विज्ञान व संगणक महाविद्यालयात संगणकांची काळजी डोळ्यांत तेल घालून घेतली जाते. उद्घाटनाच्या दिवशी त्यांच्यावर जे प्लॅस्टिक होतं, ते अजून उतरलेलं नाही. प्रयोगशाळेला कुलूप आहे. किल्ली दौलत नावाच्या परिचराकडे आहे. किल्ली वापरायची परवानगी एका उपसमितीने द्यायची असते आणि ती उपसमिती अद्याप नेमायची आहे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, दार उघडतं. ज्यांच्या भातशेतीवर कॉलेज उभं आहे आणि ज्यांच्या आईचं नाव त्याला दिलेलं आहे, ते संस्थेचे अध्यक्ष राघोशेठ स्वतः येऊन प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात, आणि पुन्हा कुलूप लागतं. आजवर एकही संगणक बिघडलेला नाही, ही गोष्ट माहितीपत्रकात ठळक छापलेली असते.

या कॉलेजात प्रफुल्ल घाग नेटवर्किंग शिकवायचा. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तर तो प्राध्यापक, सुट्टी लागली की बेकार. दर जूनमध्ये त्याची नव्याने मुलाखत होई, आणि प्राचार्या डॉ. नंदा दामले त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं विचारत, "आपल्याला शिकवण्याचा काही अनुभव?" सात वर्षं तो तेच उत्तर देत होता. ठाकुर्लीला त्याच्या घरी सासरे आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आधी विचारायचे, झालात का कायम? बायको, जया, तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची. कायम होणं एवढं एकच प्रफुल्लला या जगाकडून हवं होतं. बाकी त्याच्या इच्छा मेलेल्या होत्या, आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं.

त्या वर्षी विद्यापीठाने नेटवर्किंगचं प्रात्यक्षिक सक्तीचं केलं. प्रफुल्ल किल्ली मागायला प्राचार्यांकडे गेला. मॅडमनी त्याला बसवून नियम समजावून सांगितला. यंत्र बिघडल्यास ज्याचा हात शेवटचा लागला, त्याच्यावर जबाबदारी निश्चित करायची असते.

"आणि घाग, आपण तर कायम नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या काही बिघडलं तर जबाबदारी टाकायची तरी कोणावर? आपण कायम असता, तर मी एका पायावर दिली असती किल्ली."

"मग प्रात्यक्षिक कसं घेऊ, मॅडम?"

"ते आपलं शैक्षणिक स्वातंत्र्य आहे. त्यात मी पडणार नाही."

प्रफुल्लने हे स्वातंत्र्य घेतलं आणि तो मैदानात गेला. खेळाचे शिक्षक कमलेश सर यांच्याकडून त्याने रस्सीखेचीची रस्सी मागून आणली. मुलांना ठराविक अंतरावर रस्सी धरून उभं केलं आणि सांगितलं, तुम्ही प्रत्येक जण एक कंप्युटर. एका टोकाचा निरोप चिठ्ठ्यांचे तुकडे करून हातोहात दुसऱ्या टोकाला पोचवायचा. मध्ये सूरजला उभं केलं आणि कुठली चिठ्ठी कोणत्या वाटेने जायची हे ठरवायचं काम त्याला दिलं. तो झाला राउटर. दिशा नावाची एक हुशार मुलगी होती, तिला सगळे निरोप तोंडपाठ राहत, म्हणून ती सर्व्हर. एक-दोन दिवसांची सोय होती ती. मुलांना मात्र भलतीच आवडली. उन्हात का होईना, कंप्युटरच्या तासाला पहिल्यांदाच काहीतरी हलत होतं.

अडचणी आल्या, नाही असं नाही. "सर, निरोप पुढे जातच नाहीये," दिशा तक्रार करायची, "राउटर झोपलाय." मग सूरजला तोंडावर पाणी मारून यावं लागे. दोन कंप्युटर बोलायला लागण्याआधी एकमेकांशी हस्तांदोलन करतात, असं पुस्तकात दिलेलं आहे. मुलामुलींनी ते केलं तेव्हा शिस्तपालन समितीने तीव्र हरकत नोंदवली. तेव्हापासून आवडाबाई कॉलेजातले कंप्युटर एकमेकांना लांबूनच नमस्कार करतात.

अशात मूल्यांकन समिती आली. त्यांना प्रयोगशाळा दाखवायचं ठरलं होतं, पण दौलत भाच्याच्या साखरपुड्याला विठ्ठलवाडीला गेलेला आणि किल्ली त्याच्या खिशात गेलेली. समिती बंद दारासमोर उभी राहिली. प्राचार्यांनी दाराच्या रंगाची माहिती दिली. ती संपली तरी समिती जागची हलेना. अहवाल वाईट गेला तर सगळ्यात आधी कोणाला काढणार, हे कळायला प्रफुल्लला ज्योतिषी लागत नव्हता. शेवटी राघोशेठच पुढे झाले आणि समितीला मैदानात घेऊन गेले. तिथे रस्सी चालू होती.

राघोशेठनीही ती पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी प्रफुल्लला बाजूला घेतलं. "सर, मना येक सांगा. या रस्सीला लायट लागतं का?"

"नाही, शेठ."

"बिघरतं?"

"नाही."

"मंग इतकी वर्सां कंप्युटरां कनाला पुजतंय मी?"

समितीचे अध्यक्ष तोवर दिशाजवळ पोचले होते. तू काय करतेस बाळ, असं त्यांनी विचारलं. मी सर्व्हर आहे, ती म्हणाली. वीज गेली तर तुझं काय होतं, असा त्यांनी खोचक प्रश्न टाकला. दिशा शांतपणे म्हणाली, "काही नाही सर, मी पोहे खाऊन आलेली आहे." अध्यक्षांनी तिला हात जोडले. आयुष्यभर ते ज्या कॉलेजांत गेले, तिथले सर्व्हर बंद होते. चालू सर्व्हर ते प्रथमच पाहत होते.

अहवालात 'संगणकाविना संगणकशिक्षण' असा शब्द पडला. यंत्रावरचं अवलंबित्व टाळलं, विजेची बचत साधली, मुलांना व्यायाम घडवला, वगैरे. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. पाठोपाठ परिपत्रक निघालं, की सर्व महाविद्यालयांनी हा उपक्रम राबवून छायाचित्रे सादर करावीत. कल्याणच्या बाजारात जाड दोरी मिळेनाशी झाली. ठाण्याच्या एका बड्या कॉलेजने परदेशी रस्सी मागवली, आपलं नेटवर्क जास्त वेगवान असल्याची जाहिरात केली आणि प्रवेशाला रांग लावली. आवडाबाई कॉलेजात आता संगणक जपून ठेवण्याचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या खोलीत हलवून, कुलपात, आणखी जपून ठेवण्यात आले. प्रयोगशाळेची खोली मोकळी झाली, तिथे गावातले हळदीचे कार्यक्रम होऊ लागले.

एवढं झाल्यावर मुलांना नोकऱ्या मिळणं बाकी होतं, तेही झालं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचा मितेश नावाचा व्यवस्थापक कॅम्पसवर आला. ही कंपनी 'सान्वी' नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता बनवायची. बँका, विमेवाले, दवाखाने यांच्या वेबसाइटवर कोपऱ्यात एक हसरी मुलगी येते आणि 'मी आपली काय मदत करू?' म्हणते, ती सान्वी. मितेशने मैदानात रस्सी पाहिली, निरोप सांडत नाहीत हे पाहिलं, उन्हात कोणी कुरकुरत नाही हे विशेष पाहिलं आणि जागेवर सगळा वर्ग उचलला.

प्रफुल्लला राहवेना. यांनी खरा कंप्युटर कधी उघडलेला नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"सर, तेच तर पाहिजे," मितेश म्हणाला. "खरी कृत्रिम बुद्धी लय महाग पडते, आणि मराठी बोलायला लागली की लाज आणते. आपल्याकडे सान्वीच्या मागे पोरंच बसवलेली आहेत. बाकीच्या कॉलेजची पोरं येतात, पण त्यांना कंप्युटर चालवायचा असतो. मला कंप्युटर व्हायला तयार असलेली पोरं पाहिजेत."

शंभर टक्के मुलांना नोकरी. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मध्यभागी राघोशेठ आणि कडेला अर्धा प्रफुल्ल. या यशाची दखल घेऊन शासनाने नेटवर्किंग विषयासाठी एक कायम पद मंजूर केलं. त्या दिवशी प्रफुल्लने घरी पेढे नेले. जयाने ते आपल्या वडिलांना फोनवरूनच दाखवले. कित्येक वर्षांनी ती मोकळेपणाने हसली, आणि ते बघून प्रफुल्लला वाटलं की आपला जन्म अगदीच वाया गेलेला नाही.

मुलाखतीला तो कोरा शर्ट घालून गेला. मॅडमनी अनुभव विचारला, त्याने सांगितला. मग त्यांनी फाइल मिटली.

"घाग, तांत्रिक अडचण आहे. या विषयात सध्या संगणक नाही. त्यामुळे संगणकाची पदवी इथे अप्रस्तुत ठरते. साधन कोणतं? रस्सी. ती क्रीडा विभागाच्या नावावर आहे. वर्ग कुठे भरतो? मैदानात. म्हणजे पद शारीरिक शिक्षणाचं होतं."

"पण मॅडम, ही पद्धत मी काढली."

"म्हणून तर आभाराच्या ठरावात आपलं नाव आहे."

कमलेश सर कायम झाले. माणूस सरळ होता, त्यालाच ओशाळं वाटलं. त्याने प्रफुल्लला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि राउटर हा उभा राहणारा असतो की पळणारा, एवढं समजून घेतलं. पुढे त्याने विषयात सुधारणाही केली. दोन नेटवर्क समोरासमोर उभी राहून एकमेकांना ओढतात, आणि जे नेटवर्क रेषेपलीकडे जातं ते नापास होतं. प्रफुल्लला त्या जूनमध्ये मुलाखतीला बोलावणंच आलं नाही. तो रोज ठरल्या वेळी डबा घेऊन निघायचा आणि स्टेशनजवळच्या बाकावर बसून यायचा. जयाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण डबा ती भरून देत राहिली.

शेवटी दिशाचा फोन आला. "सर, आमच्याकडे याल का? दुपारच्या शिफ्टला सान्वी कमी पडतेय." विचारताना तिलाच रडू आलं, कारण हेच सर तिला सर्व्हर म्हणजे काय ते शिकवत होते. प्रफुल्ल मात्र दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटला हजर झाला.

तिथे खरे संगणक होते आणि त्यांच्यावर प्लॅस्टिक नव्हतं. मितेशने नियम सांगितले. उत्तर लगेच द्यायचं नाही आणि फार उशिराही द्यायचं नाही. शिव्या दिल्या तर 'क्षमस्व, मला समजलं नाही' म्हणायचं. स्वतःचं मत द्यायचं नाही, कारण मशीनला मत नसतं. प्रत्येक संभाषणाच्या शेवटी गिऱ्हाईक तारे देतं. परिवीक्षेच्या काळात ताऱ्यांची सरासरी राखली तर माणूस कायम. तो शब्द ऐकला आणि प्रफुल्ल खुर्चीत ताठ बसला.

आणि काम त्याला जमलं, फारच छान जमलं. कॉलेजात सात वर्षं त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आता निवृत्त सरकारी अधिकारीसुद्धा त्याच्या एका वाक्यावर गप्प बसत. त्याने माणूस म्हणून सांगितलं असतं तर चार जणांनी त्याच्याशी वाद घातला असता. पण हसऱ्या मुलीच्या चित्रामागून सांगितलं, की लोक म्हणत, कंप्युटर सांगतोय म्हणजे बरोबरच असणार. प्रफुल्लला याचं हसू येई, आणि थोडा रागही येई. ताऱ्यांची सरासरी मात्र चढत गेली.

पुढच्या वर्षी बारावीचे निकाल लागले आणि कंपनीला नवं गिऱ्हाईक मिळालं. मातोश्री आवडाबाई महाविद्यालयाने प्रवेशाच्या चौकशीसाठी सान्वीला नेमलं. प्रफुल्लच्याच टेबलावर ते काम आलं. उत्तर कॉलेजकडून तयार आलं होतं: 'अत्याधुनिक संगणक प्रयोगशाळा, शंभर टक्के नोकरी, आपल्या पाल्याचं उज्ज्वल भवितव्य.' तो दिवसभर ते चिकटवत राहिला. रोज संध्याकाळी त्याला जेवण कडू लागायचं.

परिवीक्षेचा शेवटचा आठवडा होता. एका पालकाचा निरोप आला. मुलगी हुशार आहे, गणित आवडतं, तिला खरोखर प्रोग्रॅमिंग शिकायचंय, आवडाबाईला घालू का? आणि खाली लिहिलं होतं, 'लॅब कशी आहे ते खरं सांग.' इतक्या दिवसांत 'खरं सांग' असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. प्रफुल्लने तयार उत्तरावर बोट ठेवलं आणि उचललं. समोर जयाचा चेहरा आला, सासऱ्यांचा कप आला. मग त्याला ती मुलगी दिसली, उन्हात उभी असलेली. सरासरी गेली खड्ड्यात, असं म्हणून त्याने टाइप केलं:

'संगणक कुलपात आहेत. मुलं मैदानात रस्सी ओढतात. मी तिथे सात वर्षं शिकवलं आहे. मुलीला तिथे घालू नका.'

ते पालक म्हणजे तुम्ही होता.

तुम्ही ते वाचलंत आणि 'उत्तर उपयोगी नाही' हे बटण दाबलंत. वर लिहिलंत, 'तू मशीन आहेस, तू कुठे शिकवणार? शेजाऱ्यांची दोन्ही पोरं तिथेच आहेत. नीट उत्तर दे.' तुम्ही तोच प्रश्न पुन्हा पाठवलात. मग त्याने अत्याधुनिक प्रयोगशाळा, शंभर टक्के नोकरी आणि उज्ज्वल भवितव्य चिकटवलं. तुमचं समाधान झालं. तुम्ही पाचच्या पाच तारे दिलेत आणि आता कशी सुधारलीस, असंही लिहिलंत.

त्या पाच ताऱ्यांवर सरासरी तरली आणि प्रफुल्ल घाग कायम झाला. त्याने तुमचे मनापासून आभार मानणारी एक ओळ लिहिली होती, आणि पुढे मुलीला एकदा मला भेटवा, तिला मी घरी शिकवतो, असंही लिहिलं होतं. पण तोवर तुम्ही खिडकी बंद करून प्रवेश निश्चित करायला गेला होतात.