पगाराच्या दिवसाचं गाऱ्हाणं

पगार झाला की लोक मटण आणतात. आमचा शेजारी परब नारळ आणतो आणि बँकेला शाप देतो.

साधासुधा शाप नाही. कोकणातलं रीतसर गाऱ्हाणं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत गॅलरीत पाट मांडतो, पाटावर नारळ ठेवतो, डोक्यावर टोपी घालतो आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल असा सुरू होतो. "बा देवा म्हाराजा! ज्या बँकेन हसत हसत कर्ज दिल्यान आणि आता रडयता, तिच्या एसीत उंदीर मरांदे रे म्हाराजा!" मग आम्ही दारादारांतून ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" मी घाटावरचा, तरी ओरडतो. बायको गेल्यापासून मोठ्याने बोलायला दुसरं निमित्त राहिलेलं नाही. समोरच्या कांबळेबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांनी परबाला बजावून ठेवलंय, "देवाचं तुमचं तुम्ही बघा भाऊ. बँकेचं आलं की मला हाक मारा."

भानगड अशी. परबाचा मुलगा मंगेश इंजिनियर झाला. कॉलेजचं नाव मोठं, फी त्याहून मोठी. कर्जाच्या कागदावर बापाची सही लागली. पोरगा पास झाला आणि नोकरी मिळाली ती बिनडिग्रीवालासुद्धा करील अशी. हप्ते थकले, कोर्ट झालं आणि हुकूम आला बापाच्या कंपनीत, की याच्या पगारातून कापा, उरेल ते याला द्या. परब गोदामात पेट्या उचलतो. शिकला एक, फेडतोय न शिकलेला. मी चौथीत शाळा सोडली, माझ्यावर कुणाचं दमडीचं देणं नाही. असलं शिक्षण चुलीत घाला, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

तो म्हणाला, "पगारच कापलो मा? नरडा तर नाय!"

हे त्याचं ठरलेलं. चहातली साखर बंद केली, "नरडा तर नाय!" खर्च झेपेना म्हणून बायकोला गावी पाठवली, तेव्हाही एस्टीच्या खिडकीशी उभा राहून तेच.

मंगेश कुठे आहे हे तो कुणाला सांगत नाही. मला माहीत आहे, कारण पोराचा फोन माझ्या मोबाईलवर येतो. परबाची समजूत, की बँक त्याच्या फोनला कान लावून बसलीय. पोरगा नाशिकला एका कारखान्यात काँट्रॅक्टवर आहे. कोर्टाचा कागद तिथे गेला की काँट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी हाकलणार. त्यात सून पोटुशी. फोनवर परब एवढंच विचारतो, "जेवलस?" आणि मोबाईल मला परत देतो.

परवाच्या पगाराला गाऱ्हाणं रंगात आलं होतं. जिन्यावरून एक पोरगेला माणूस आला, हातात हेल्मेट. बूट काढून बाजूला उभा राहिला. परबाने मॅनेजराची जीभ टाळ्याला चिकटवली आणि आमच्याबरोबर तोही ओरडला, "व्हय म्हाराजा!"

मग एकदम जीभ चावली. बँकेच्या वसुलीचा माणूस होता तो. सावंत नावाचा, परबाच्या शेजारच्याच गावचा. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. कांबळेबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

तसा वाईट नव्हता पोरगा. म्हणाला, "काका, मंगेश खंय कामाक आसा तेवढा सांगा. तेच्या पगारातून कापून घेवया. तुमचो सुटतलो."

"माका म्हायत नाय."

"खरा?"

"खराच."

सावंताने पाटाकडे बोट केलं. "मग नारळार हात ठेवन सांगा."

तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो. त्या नारळावर हात ठेवून खोटं बोलण्यापेक्षा परब खून कबूल करील. वाटेत पडलेलं निर्माल्यसुद्धा न ओलांडणारा माणूस.

त्याने टोपी नीट केली. नारळावर हात ठेवला. "माझो झील खंय आसा ता माका म्हायत नाय." शब्द न् शब्द स्वच्छ.

सावंत परबाच्या पाया पडला, बूट हातातच घेऊन जिना उतरला.

मी परबाला माझ्या खोलीत नेलं, पाणी दिलं. अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडलं. मी म्हटलं, "त्या इंजिनियराला कळू दे बाप काय करतोय ते. येऊ दे त्याचा फोन."

"तेका बोलशीत तर बघ."

त्याने भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "खोटी शपथ कोणाक लागता रे? जेना घेतल्यान तेकाच मा? पोरग्याक तर नाय?"

मला कसलं कळतंय देवाचं? हिच्या आजारात होते नव्हते ते सगळे देव धरले, एकानेही वळून बघितलं नाही. तेव्हापासून मी कुणापुढे हात जोडत नाही. पण हा माणूस माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जसा काही निकाल मीच द्यायचा होता.

"तुलाच लागणार, मुडद्या," मी म्हटलं. "तुझंच वाटोळं होणार."

"नक्की?"

"नक्की."

"मग बरा," म्हणाला, आणि भांड्यातलं उरलेलं पाणी प्यायला.