लघुग्रहाला निरोप

भर दुपारी दोन वाजता, इस्त्रीचा गणवेश घालून, पदकं लावून, गच्चीवरून रिकाम्या आभाळाला हात हलवणारा आमच्या उंब्रजमध्ये एकच माणूस आहे. माझा शेजारी आणि शाळासोबती, निवृत्त सुभेदार हणमंत.

पृथ्वीजवळून मोठा लघुग्रह जाणार अशी बातमी आली, की हा आठ दिवस आधीच बूट पॉलिशला काढतो. जवळून म्हणजे लाखो किलोमीटरवरून. त्याच्या दुर्बिणीतून तो दिसत नाही, दिवसा तर नाहीच.

"मग बघतोस काय रं?"

"दिसत न्हाई म्हणून पहारा सोडायचा व्हय? सरहद्दीवर तरी समोरचा कुठं दिसायचा?"

हणमंत तोफखान्यात होता. गोळा कुठं पडला, ते बघून कळवायचं काम. तेव्हापासून "लांबनं गेला!" हे त्याचं सर्वांत आनंदाचं वाक्य. वहिनी होत्या तेव्हा एकदा त्यांनी रागानं भिरकावलेली पळी त्याच्या कानाला चाटून गेली. हा शांतपणे म्हणाला, "लांबनं गेली."

आता खरं सांगतो. सहा वर्षांपूर्वी 'दगड गावावर पडणार' अशी आवई हणमंतानं उठवली, असं सारं गाव मानतं. तो तर घरोघरी सांगत होता, की काही भिऊ नका, लांबनं जाणार हाय. आवई मी उठवली. सलूनमध्ये दाढी करून घेताना म्हणालो, "हणमंत म्हणतोय, उद्या दोनला फाट्यावर पडणार." तोंडाला फेस होता, माझं हसू कुणाला दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत तिघांनी गोठ्यातली जनावरं मळ्यात हलवली. एक कुटुंब तर वाईच्या पाहुण्यांकडं निघून गेलं.

आमच्याकडं पंधरा ऑगस्टला शाळेचा झेंडा गावातला सर्वांत जुना फौजी फडकवतो. त्या वर्षी पहिल्यांदाच तो मान हणमंताकडं आला होता. सरपंच म्हणाले, "आवं सुभेदार, औंदा राहू द्या. लोक हसत्यात." ते औंदा अजून संपलेलं नाही. दर वर्षी हणमंत शेवटच्या रांगेत सावधान उभा असतो. मी पुढच्या रांगेत, मान खाली घालून.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक लघुग्रह जाणार होता. मी पहिल्यांदाच त्याच्या गच्चीवर गेलो. दोन खुर्च्या मांडलेल्या.

"दुसरी कुणाची?"

"तुझीच. दर बारीला मांडतो."

मला बसवेना. उभ्याउभ्याच म्हणालो, "हणमंता, ती आवई माझी होती."

"ठावं हाय. सलूनवाल्यानं तवाच सांगितलं."

"मग गावाला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू तोंड चुकवत फिरला असतास. मग ह्या खुर्चीवर कोण बसलं असतं?" त्यानं घड्याळात बघितलं. "बस गड्या. चौदा मिनिटं हायत."

मी बसलो. आभाळाकडं बघत तो म्हणाला, "मी भरती होऊन निघालो, तवा फाट्यावर निरोपाला एक माणूस न्हवतं. हे तर किती लांबनं आलंय. जाताना कुणी हात हलवाय नको व्हय?"

दोन वाजले. काहीच दिसलं नाही. हणमंतानं हात हलवला, मीही हलवला.

"लांबनं गेला," तो म्हणाला.

हे सगळं मी सरपंचांना लिहून दिलंय. येत्या ग्रामसभेत मीच उभा राहून वाचणार आहे. काल हणमंताला तेवढं सांगितलं. आज सकाळी बघतो, तर त्यानं बूट पॉलिशला काढलेले.

"आता कुठला दगड येतोय रं?"

"दगड न्हाई," तो म्हणाला, आणि शाळेच्या बाजूला बघत ब्रश फिरवत राहिला.