लाकडाची सवत

आर्डिस टोर्गरसनने जाहीर केलं की बसण्याच्या बाबतीत ती नवऱ्याला पार मागे टाकणार आहे.

"बसायला काय अक्कल लागते?" बर्फाला भोक पाडायचं गिरमिट विकत घेताना ती दुकानदाराला म्हणाली. "त्याला जमतं, तर मला का नाही?"

दुकानदार नुसता "बरं" म्हणाला. आमच्या उत्तर मिनेसोटात ‘बरं’चे सतरा अर्थ असतात आणि त्यातले सोळा वाईट.

गोष्ट अशी की ऑर्लिन टोर्गरसन कागद गिरणीतून निवृत्त झाला आणि तळ्यावर जाऊन बसायला लागला. तळं गोठलं की हा आपलं लाकडी खोपट ओढत बर्फावर नेणार, बर्फाला भोक पाडणार, भोकात दोरी सोडणार आणि उलट्या बादलीवर बसणार. सकाळी गेला की अंधार पडता पडता परत. रिकाम्या हाताने.

"मासे?" आर्डिस विचारायची.

"नाहीत."

"मग दिवसभर केलंस काय?"

"बसलो."

"कसला विचार करत होतास?"

"कसलाच नाही."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलेलं असायचं की आर्डिसच्या हातातलं जेवणाच्या हॉटडिशचं भांडं ओव्हनशिवायच तापावं. बाईमाणूस असतं तर तिने जाऊन झिंज्या उपटल्या असत्या. पण सवत निघाली लाकडाची. पत्र्याचं छप्पर, एक शेगडी, खिडकी म्हणाल तर हातरुमालाएवढी. तिच्याशी भांडायचं कसं?

बरं, आर्डिसने छंद केले नव्हते असं नाही.

गोधड्या शिवल्या. दुसऱ्या गोधडीला कुणीतरी छान म्हटलं, तिसरीपासून ऑर्डरी सुरू.

जॅम केला. चर्चच्या विक्रीत गेला. आर्डिस विक्री समितीची अध्यक्ष झाली.

पाखरं बघायला गेली. पाखरं बघणाऱ्यांची सहल ठरवायचं काम गळ्यात पडलं. सहलीच्या दिवशी ती सँडविच मोजत होती आणि पाखरं बाकीच्यांनी बघितली.

थोडक्यात, आर्डिसने हात लावला की छंदाची नोकरी व्हायची. आणि हा माणूस भोकाशेजारी बसून तृप्त होऊन घरी यायचा. तिला ते हवं होतं. नेमकं तेच, जे तो तिथून घेऊन यायचा आणि घरात आणून वाटत नव्हता.

म्हणून तिने खोपट घेतलं. त्याच्यापेक्षा हातभर रुंद. पिवळा रंग दिला, खिडकीला पडदा लावला आणि थेट ऑर्लिनच्या खोपटाला खेटून उभं केलं. एवढं मोठं तळं, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि दोन खोपटांमधून मांजरही आडवं गेलं नसतं.

पलीकडे बसणारा वेंडेल बघायला आला. सगळ्या तळ्याच्या चौकशा याच्याकडे.

"जवळ झालं जरा, आर्डिस."

"नवरा आहे माझा."

"खाली दोऱ्यांना माहीत नसतं ते," वेंडेल म्हणाला. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

आर्डिसने भोक पाडलं. गळाला जिवंत बारकी मासळी लावली, दोरी सोडली आणि बादलीवर बसली. चला. शांतता.

छपराला जाळं दिसलं. ते काढलं. शेगडी वाकडी होती, ती सरळ केली. कॉफी प्यायली. विचार करायचा नाही असं ठरवलं आणि विचार न करण्याबद्दल इतका विचार केला की कानशिलं ठणकू लागली. शेजारून आवाज नाही. साधं खोकणंही नाही. तो तिथे बसला होता, फळीपलीकडे, आणि त्याला ते मिळत होतं. आत्ता, या क्षणी, चापून मिळत असणार. आर्डिसने फळीला कान लावला. काही न करणाऱ्या माणसाचा आवाज कसा येतो ते ऐकत ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली.

*खाली*

आता गोष्टीला जरा पाण्यात उतरावं लागेल, कारण वरच्यांना काहीच दिसत नव्हतं.

काळं पाणी. दोन दोऱ्या. आर्डिसच्या गळावरची मासळी फिरत फिरत शेजारी गेली. ऑर्लिनच्या दोरीभोवती तिने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि आर्डिसचा गळ त्या दोरीत पक्का अडकला. जवळच एक भला थोरला वॉलाय मासा होता. त्याने हे सगळं नीट पाहिलं आणि तो दुसरीकडे निघून गेला.

*फळीतून*

आर्डिस: ऑर्लिन.

ऑर्लिन: हं.

आर्डिस: लागलाय.

ऑर्लिन: माझ्याकडेपण.

आर्डिस: हो का? मला लागला की लगेच तुला लागला.

ऑर्लिन: खरंच. ओढतोय.

आर्डिस: माझा मोठा आहे.

ऑर्लिन: माझाही लहान नाही.

आर्डिस: मी ओढलं की हा उलटा ओढतो. हट्टी आहे मेला.

ऑर्लिन: माझा तर दमच घेत नाही. आर्डिस, याचं डोकं फिरलंय.

*वर*

ऑर्लिनचा आवाज चढलेला तळ्यावर कुणी कधी ऐकला नव्हता. वेंडेल पळत आला. त्याच्यामागून आणखी चारदोन माणसं आली, आणि परवाने आणि पकडलेल्या माशांची मापं तपासत हिंडणाऱ्या मासेमारी खात्याच्या निरीक्षक बाई आपली बर्फावरची गाडी वळवून आल्या. दोन्ही दारं उघडली गेली. वेंडेल मधोमध उभा राहून दोन्हीकडे हुकूम सोडू लागला.

"आर्डिस, ढील दे. ऑर्लिन, तू ओढ. आता आर्डिस, तू ओढ."

आर्डिसचे हात भरून आले होते, पण मनात भलतंच चाललं होतं. आज ती हा राक्षस घेऊन घरी जाणार. टेबलावर ठेवणार. मग ऑर्लिन विचारील, दिवसभर काय केलंस? आणि ती तशाच तृप्त तोंडाने म्हणेल, बसले होते. बघू दे त्यालाही एकदा, कसं वाटतं ते.

तिने बूट भोकाच्या कडेला रोवले, पाठीमागून वेंडेलला कोट धरायला लावला आणि उरलासुरला सगळा हेवा हातात आणून एक हिसका दिला.

शेजारून डुबुक असा आवाज आला. त्यामागोमाग ऑर्लिनच्या तोंडून एक शब्द आला, जो त्याने लग्नानंतर वापरला नव्हता.

दोरी एकदम हलकी झाली. आर्डिस भराभर ओढत गेली. आधी तिचा गळ आला, त्यात दुसऱ्याच दोरीचा गुंताळा. गुंताळ्याच्या एका टोकाला मासेमारीची एक आखूड काठी आली, हिरव्या मुठीची. ती आर्डिसनेच नाताळात नवऱ्याला दिली होती.

ऑर्लिन दारात येऊन उभा राहिला, कोपरापर्यंत ओला.

"ती माझी," तो म्हणाला.

आर्डिसने गुंताळ्याचं दुसरं टोक वर काढलं. त्याला एक लोखंडी नट बांधलेला होता. नुसता नट.

"गळ कुठाय?"

ऑर्लिनने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने आभाळाकडे पाहिलं.

"ऑर्लिन, गळ कुठाय? तुटला?"

"नव्हताच."

"आज नव्हता?"

"कधीच नव्हता," ऑर्लिन म्हणाला. "मासा लागला की उठावं लागतं गं."

"मी दर वर्षी तुला गळ देते. पाकिटंच्या पाकिटं."

"आहेत ना. जपून ठेवलेत."

आर्डिसला वाटलं, बर्फ आत्ता फाटला तर बरं होईल. हिवाळ्यामागून हिवाळे ती या माणसाची समजूत घालत होती, उद्या लागेल म्हणून. आणि हा लबाड नट सोडून बसायचा. म्हणजे तिथे जाण्याला मासेमारी हे निमित्तसुद्धा नव्हतं. फक्त जाणं होतं. घरातून.

निरीक्षक बाईंनी घसा साफ केला. "टोर्गरसन, परवाना दाखवा."

"परवाना नाही. गळच नाही तर परवाना कशाला?"

"मग तुम्ही इथे करता काय?"

सगळं तळं ऐकत होतं. ऑर्लिनचे कान लाल झाले.

"बसतो," तो म्हणाला. मग खाली बघून हळूच, "घरात ही सारखी काहीतरी चांगलं करत असते. मला बघूनच दमायला होतं. मग परत गेलो की ती आवडते."

निरीक्षक बाईंनी थोडा विचार केला आणि चोपडी मिटली. त्यांनी आर्डिसचा परवाना पाहिला. तो कोरा करकरीत होता.

"तुमचं सगळं कायदेशीर आहे, बाई," त्या ऑर्लिनकडे बोट करून म्हणाल्या. "हा तुम्ही पकडलात. ठेवणार की सोडणार?"

आर्डिसने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओल्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"सोडते," ती म्हणाली. "मापात बसत नाही."

वेंडेल इतका हसला की त्याला बर्फावर बसावं लागलं. हसता हसता तो हे पुढच्या खोपटात सांगायला गेला आणि त्याच्यामागून सगळी गर्दी गेली. ऑर्लिन काठी घेऊन आपल्या खोपटात शिरला. आर्डिस आपल्या.

तिने गुंता सोडवला. दोरी पुन्हा पाण्यात सोडायची इच्छा नव्हती. एवढं झाल्यावरही तो पलीकडे बसला असणार, नट सोडून, निवांत. मेल्याला लाजसुद्धा नाही.

पण पलीकडून आवाज येत होते. बादली सरकली. पावलं वाजली. काठी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"आर्डिस," फळीतून आवाज आला.

तिने दोरी गुंडाळायला घेतली.

"मघाशी हाताला कसा हिसका बसत होता गं. सगळ्या अंगात येत होता."

तिने दोरी खुंटीला अडकवली.

"तुझ्याकडे एखादा जादा गळ आहे का?"

जादा गळ होते. कोटाच्या खिशात अख्खं पाकीट होतं. आर्डिसने ते बोटांनी चाचपलं आणि हात मांडीवर ठेवला.

"आर्डिस? एकच दे."

पलीकडे पावलं येरझाऱ्या घालू लागली. ती भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत बादलीवर बसून राहिली. काय निवांत वाटत होतं म्हणून सांगू.