घर विकणे आहे, रंगासकट

घर बघायला आलेल्या माणसाला जमनाअक्का आधी पाणी द्यायची, मग सुपारी द्यायची आणि तो जरा सैल होऊन खांबाबिंबांची चौकशी करू लागला की शांतपणे विचारायची, “तुमनी घरवालीले कोन्ता रंग आवडस?”

माणूस जागच्या जागी खिळायचा. अहो, त्या काळात बायकोचं नाव घ्यायचं तर उखाणा लागायचा, तिथं तिचा आवडता रंग परक्या ओसरीत कोण सांगणार? आणि खरं बोलायचं तर ठाऊक तरी कुणाला होता? एक म्हणाला, तिला कसला आलाय रंग. एक नुसताच खोकला. नवापूरचा एक लाकूडवाला डोकं खाजवून खाजवून शेवटी ‘सावळा’ म्हणाला. अक्का त्या सगळ्यांना अंगणापर्यंत पोचवायला जायची आणि परत येताना मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची, “घरवालीना रंग माहीत नही, त्याले घर कसाले?”

मला ऐकू जायचं, कारण मी समोरच राहतो. आमच्या प्रकाशा गावात तापीच्या घाटाकडे जाणारा जो बोळ आहे, त्याच्या या बाजूला माझा ओटा आणि त्या बाजूला अक्काचं माडीचं घर. मी वैद्य. सकाळी ओट्यावर बसून रोगी तपासायचे, नाडी बघायची, डोळे बघायचे, जीभ बघायची, असा माझा वडिलोपार्जित धंदा. तो धंदा जमनाअक्काने बुडवायला आणला होता.

झालं असं. अक्काचा नवरा लग्नानंतर थोड्याच महिन्यांत साथीत गेला. सासू-सासऱ्यांचं तिने शेवटपर्यंत केलं, तेही गेले. घर राहिलं दिराच्या नावावर. हा दीर, छगनभाऊ, सुरतेला पेढीवर. त्याने ठरवलं की घर विकून टाकायचं आणि वहिनीला सुरतेला घेऊन जायचं. घेऊन जायचं म्हणजे त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवायचं, हे सगळ्या गावाला कळत होतं. अक्कालाही. पण घर त्याचं, शब्द त्याचा. जाताना तो एवढंच सांगून गेला, की घराला जरा रंग द्या, म्हणजे गिऱ्हाईक येईल.

अक्काने रंग दिला.

तिने पिवडी आणली, नीळ आणली, गेरू आणला, शहाद्याच्या बाजारातून कसल्या कसल्या पुड्या आणल्या, आणि कमरेला पदर खोचून, मजूर न लावता, स्वतः शिडीवर चढली. ओसरी डाळिंबी. माजघर मोरपंखी. जिना जांभळा. माडीवरची एक खोली अंजिरी, दुसरी पोपटी. खिडक्या निळ्या, गजांना शेंदरी. आणि माझ्या ओट्यासमोरची ती लांबच्या लांब भिंत पिवळीजर्द. नदीपलीकडून येणाऱ्या नावाड्यांनी घाटाची खूण म्हणून देवळाचा कळस बघायचं सोडलं आणि अक्काचं घर धरलं.

सकाळचं ऊन त्या पिवळ्या भिंतीवर पडायचं आणि तिथून उसळी मारून थेट माझ्या ओट्यावर यायचं. पहिल्या दिवशी माझ्याकडे पाच रोगी आले, पाचांनाही कावीळ. धानोऱ्याचा पाटील पायात काटा मोडला म्हणून आला होता, त्यालाही मी मुळ्याचा रस सांगून मोकळा झालो. मग बायको चहा घेऊन आली, तर तीही पिवळी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी तावातावाने बोळ ओलांडला. म्हटलं, अक्का, बाकी घराचं काय वाट्टेल ते करा, ही एक भिंत बदला. माझ्या पोटावर पाय येतोय. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दीरनी सांगं, रंग दे. मी दिन्हा.” भिंतीला हात लावायचं नाव नाही. दुसरी कुठलीही भिंत सांगा वैदभाऊ, उद्या बदलते, पण ही नाही.

त्या दिवसापासून ते घर विकलं जावं म्हणून गावात कुणी झटला असेल तर मी. गिऱ्हाईक बोळात शिरलं की मी ओट्यावरून उठायचो, सागवानाची तारीफ करायचो, तापीची हवा किती पाचक हे सांगायचो. आणि सगळी मेहनत तिच्या त्या एका प्रश्नावर फुकट जायची.

बरं, तो प्रश्न नुसता त्या घरापुरता राहता तर ठीक. एकदा रात्री जेवताना मी सहज बायकोला विचारलं, की काय गं, तुला कुठला रंग आवडतो? तिने भाकरी थापता थापता मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आता विचारताय?” पुढे चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

शेवटी पक्कं गिऱ्हाईक मिळालं. गावातलाच कापसाचा व्यापारी, नथूशेठ. त्याला घर नको होतं, वखार हवी होती. घाटाजवळ, म्हणजे गाठोडी नावेत चढवायला सोपं. मधल्या भिंती पाडायच्या, उरल्यासुरल्यांना चुना मारायचा आणि कापूस भरायचा. सौदा ठरवायला छगनभाऊ खुद्द सुरतेहून यायचा होता. मी नथूशेठला आदल्या दिवशी बाजूला घेऊन पढवलं. म्हटलं, ती रंग विचारेल, तुम्ही बेधडक ‘हिरवा’ म्हणा. हिरवा कुठल्याही सवाष्णीला चालतो.

छगनभाऊ सकाळच्या नावेने उतरला. नावेतूनच त्याला घर दिसलं असावं, कारण घाट चढताना त्याची टोपी हातात होती. पण नथूशेठ घ्यायला तयार आहे म्हटल्यावर त्याने ती पुन्हा डोक्यावर चढवली. ओसरीत बैठक बसली. मी साक्षीदार. नथूशेठने बायकोलाही आणलं होतं, केसरबाईंना. तापीचा वारा खाऊन येऊ म्हणून. आजूबाजूच्या बाया दारात जमल्या, त्यात माझीही होती.

अक्काने पाणी दिलं, सुपारी दिली. सौदा झाला की तिला दिरासोबत संध्याकाळच्या नावेत बसायचं होतं. बोचकं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. तरी तिने विचारलंच.

“हिरवा,” नथूशेठ खणखणीत म्हणाला आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला.

अक्का केसरबाईंकडे वळली आणि म्हणाली, बाई, तुम्ही घर फिरून या.

केसरबाई आत गेल्या. मोठ्या घरची बाई, नवऱ्यापुढे कधी तोंड उघडलेलं नाही. माजघर बघितलं, माडी बघितली. बराच वेळ गेला. छगनभाऊ चुळबुळ करायला लागला. त्या खाली आल्या त्या जिन्यातच थांबल्या, जांभळ्या भिंतीला पाठ लावून, आणि सगळ्या बाया ऐकत असताना नवऱ्याला म्हणाल्या, “दर दिवाळीले हिरवा लुगडा लई येतस तुम्ही. माले हाऊ जांभया आवडस. आते दख्या ना? चुना मारानं नही.”

नथूशेठचा चेहरा त्या जिन्याच्याच रंगाचा झाला.

केसरबाई थांबल्या नाहीत. एकदा बांध फुटला की फुटला. म्हणाल्या, वखारीला गावात दुसरी जागा आहे. वैशाखात आपल्या पोरीचं लग्न, वऱ्हाड उतरवायला गावात एक धड घर नाही. “जानवसा आठेच व्हई.”

दारातून कुणी म्हणालं, आमच्याही पोरीचा. दुसरी म्हणाली, ज्येष्ठात माझ्या भाचीचा. तिसरा आवाज माझ्या ओळखीचा होता. माझी बायको सांगत होती, की आमच्या घरी लग्नाच्या दोन मुली आहेत, त्यांचेही धरून ठेवा. छगनभाऊ पेढीवरचा माणूस. लग्नसराईत दर वऱ्हाडाचं भाडं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. संध्याकाळच्या नावेत तो एकटाच बसला आणि बसताना मोठ्या मनाने म्हणाला, की वहिनी, घर सांभाळायला तुम्ही इथंच राहा.

अक्काने घाटावरून येऊन बोचकं सोडलं. मी ओट्यावर बसून बघत होतो. समोरची भिंत आता पिवळीच राहणार होती, तरी मला त्या रात्री झोप छान लागली.

वैशाखात पहिलं वऱ्हाड उतरलं. लोक बोळात येऊन आ वासून बघत होते. अक्काने पाणी तापवलं, गाद्या घातल्या, सगळं केलं, आणि नवरदेवाला हळद लावायची वेळ झाली तशी मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. विधवेचं तोंड हळदीच्या वेळी नको, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नवरदेवाची हळद झाली. उरलेल्या हळदीची वाटी नवरीकडे न्यायला केसरबाई स्वतः आल्या होत्या. वाटी हातात घेऊन त्या मागच्या दाराशी गेल्या आणि दार ढकलून उंबऱ्यावरच बसल्या. मी वऱ्हाडातल्या एकाला काढ्याची बाटली द्यायला आलो होतो, तो तिथंच उभा होतो.

“अक्का, तुमले कोन्ता आवडस?”

इतक्या जणांना विचारलेला प्रश्न आज तिच्याकडेच परत आला होता. अक्का म्हणाली, “माले कोनी इचारं नही. म्हनीसन समदा रंग लाई दखात.” मग तिने माझ्या ओट्यासमोरच्या त्या भिंतीच्या दिशेने बोट केलं. “हाऊ. हयदना. एकच दिन लागनी व्हती मन्हा आंगले.”

त्या भिंतीवरून मी या बाईशी किती भांडलो होतो.

केसरबाईंनी वाटीत बोटं बुडवली आणि अक्काचा हात ओढून त्यावर हळद लावली. मागून वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाई कडाडल्या, की रांडमुंड बाईला हळद, हा काय अधर्म. सगळं वऱ्हाड वळून बघायला लागलं. अक्का हात मागे घेऊ लागली.

मी पुढे झालो. अक्काचा तो हात धरला, सगळ्यांना दिसेल असा वर केला. रंगात कालवलेल्या चुन्याने कातडी जागोजागी फाटली होती. म्हटलं, मी या गावचा वैद्य आहे, आणि हे औषध मी सांगितलेलं आहे. दोन्ही हातांना लावायचं, कोपरापर्यंत. आणि रोज लावायचं.

आत्याबाई दोन पावलं मागे सरल्या. वैद्यापुढे काय बोलणार? केसरबाईंनी दुसरा हात घेतला. माझ्या बायकोने वाटी धरली.

त्या दिवाळीला मी शहाद्याला जाऊन बायकोसाठी अंजिरी लुगडं घेऊन आलो; वऱ्हाडाच्या कामाला गेली की ती माडीवरच्या अंजिरी खोलीतच रेंगाळायची, हे मी पाहून ठेवलं होतं. रंग बरोबर निघाला. भिंत अजून पिवळी आहे, दर वर्षी अक्का तिला नवा हात देते. मी रोगी आता परसात बसून तपासतो.