आज जन्मलेल्यांसाठी राखीव

त्या मेक्सिकन रेस्टॉरंटात जेवायला जायचे असेल तर घरून थोडे खाऊन निघावे, असा एक समंजस प्रघात पडला होता. रेस्टॉरंट लोकप्रिय होते, आणि लोकप्रिय ठिकाणी जेवणाहून वाट पाहण्याची व्यवस्था अधिक चोख असते. दाराबाहेर ओळीने बाके होती. बाकांवर गाद्या होत्या. आलेल्या प्रत्येकाच्या हाती एक चपटी चकती दिली जाई; पाळी आली की ती लाल होऊन थरथरू लागे. तोवर माणसे काचेतून आतल्या माणसांचे घास बघत बसत, आणि आपण कुठे उपाशी बसलो आहोत याचे फोटो ओळखीपाळखीत पाठवत.

बाळाची आई मात्र काहीही न खाता आली होती. बाळ झाल्यापासून ती जेवलीच नव्हती म्हणा ना. ती नुसती खात असे. उभ्याने, एका हाताने, गार झालेले, आणि पाळण्यातून श्वास ऐकू येतोय ना इकडे कान लावून. पूर्वी तिला एक नाव होते, नावापुढे पदवीही होती. आता दवाखान्यापासून वाण्यापर्यंत सगळे तिला 'बाळाची आई' म्हणत आणि तीही निमूट ओ देई.

तिची मागणी माफक होती. तिला फाहिता खायचा होता. तापलेल्या लोखंडी तव्यावर चुरचुरत येणारा, दोन्ही हातांनी पोळीत गुंडाळून खायचा. बसून. गरम. यातली एकही अट सोडायला ती तयार नव्हती. नवरा म्हणाला होता, "तू बिनधास्त जा, मी आहे ना बाळापाशी," आणि ती चपला घालत असताना त्याने मागून विचारले होते, "हे रडायला लागलं की काय करतात गं?" तिने बाबागाडी बाहेर काढली. बाळ वाटेतच झोपले. रेस्टॉरंटाच्या दारात तिच्या दोन मैत्रिणी, एक वकील आणि एक डेंटिस्ट, वाट पाहत उभ्या होत्या. संध्याकाळचा सगळा कार्यक्रम आता त्या झोपेच्या भरवशावर उभा होता.

"ही चकती लाल व्हायला किती वेळ लागेल हो?" तिने दारातल्या माणसाला विचारले. त्याच्या छातीवर 'आनंद समन्वयक' अशी पट्टी होती.

"ते गर्दीवर अवलंबून आहे, मॅडम."

"आणि गर्दी?"

"ती आमच्या लोकप्रियतेवर," तो विनयाने म्हणाला. "आज काही विशेष?"

वकील मैत्रीण पुढे झाली. विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणून गप्प बसणे तिच्या रक्तातच नव्हते. "आज हिचा वाढदिवस आहे."

"माझा? अगं, माझा तर थंडीत—"

डेंटिस्ट मैत्रिणीने तिच्या पायावर पाय दिला. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या त्या बाईने आज प्रथमच कुणाचे तरी मिटवले.

समन्वयकाचा चेहरा उजळला. "अभिनंदन! मग तुम्ही आनंदप्रसंग वर्गात बसता. बाके सर्वसाधारण वर्गासाठी असतात. आत या."

बाबागाडी आत ढकलताना बाळाच्या आईची नजर कडेच्या बाकावर गेली. एक म्हातारे जोडपे चकती मांडीवर ठेवून बसले होते. आजोबांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता, आजींनी केसांत एक फूल माळले होते. "सांगा ना हो त्यांना," आजी कुजबुजत होत्या. "असू दे गं," आजोबा म्हणाले, "उगाच घुसल्यासारखं होतं."

बाळाच्या आईचे कान लाल झाले. टेबलापाशी पोहोचताच तिने वकील मैत्रिणीला धारेवर धरले. "खोटं कशाला बोललीस गं?"

"खोटं कुठं? तुझा वाढदिवस असतोच की. तारीख त्यांनी विचारली नाही, मी सांगितली नाही."

बाळाच्या आईने पर्समधून ओले रुमाल काढून टेबल पुसले, मग खुर्च्या, मग मीठदाणी. बाहेर पडायचे दार कुठे आहे ते पाहून ठेवले. बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासला. मग कुठे ती टेकली आणि तिने फाहिता मागवला.

"सोहळा झाला की लगेच पाठवतो," समन्वयक म्हणाला.

"कसला सोहळा?"

"वाढदिवसाचा. ड्रम, ट्रम्पेट, सामूहिक गायन आणि टोपी. सोहळा झाल्याखेरीज आनंदप्रसंग वर्गातली ऑर्डर स्वयंपाकघर सोडत नाही. धोरण आहे."

बाळाच्या आईचा हात आपोआप बाबागाडीवर गेला. "अहो, बाळ झोपलंय! सोहळा नको आम्हाला."

"रद्द करता येतो, मॅडम. आज वाढदिवस नाही, एवढं फक्त सांगायचं."

"मग नाही माझा वाढदिवस!"

"मग तुम्ही सर्वसाधारण वर्गात. बाकावर. चकती नवीन मिळेल."

तिने काचेबाहेर पाहिले. रांग वळसा घेऊन कोपऱ्यापलीकडे गेली होती. "निदान हळू आवाजात तरी वाजवा."

"हळू आवाजाचा ड्रम आमच्याकडे येत नाही."

वकील मैत्रिणीने घसा साफ केला. "आणि तुमच्या ड्रममुळे बाळ उठलं तर? जबाबदारी कुणाची?"

"बाळ उठल्यास त्यालाही टोपी मिळते," समन्वयक म्हणाला. "लहान मापाची."

पाहता पाहता सगळा कर्मचारीवर्ग टेबलाभोवती गोळा झाला. तिच्या डोक्यावर छत्रीएवढ्या काठाची टोपी आली. टोपीखाली ती भर दिव्यांत अंधारात गेली. ज्या टेबलाचा सोहळा त्या टेबलाने उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायच्या, असाही नियम होता. पण ती बाळाचे कान झाकून वाकली होती, आणि समन्वयकाने ते भावनाविवशतेत जमा केले.

ड्रम वाजला. ट्रम्पेट वाजले. बाळाने ओठ चुपचुप केले, मान वळवली आणि ते आणखी गाढ झोपले.

तिचा विश्वास बसेना. घरी चमचा पडला तरी दचकणारे हे पोर! मग तिने टोपीचा काठ वर करून दालनात पाहिले आणि दुसऱ्या गोष्टीवरही तिचा विश्वास बसेना. प्रत्येक टेबलावर कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर टोपी होती. दारापाशी, खिडकीपाशी, पार हात धुण्याच्या बेसिनपर्यंत, सगळी आजच जन्मलेली माणसे. प्रसूतिगृहात एक खाट मिळवताना आपल्या नवऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले होते, ते तिला आठवले. हे सगळे जर खरोखर एकाच दिवशी जन्मले असते, तर निम्मे तरी आईच्या पोटातच चकती धरून बसले असते.

ड्रम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. बाळ घोरू लागले. आणि अखेर फाहिता आला. तवा चुरचुरत होता, कांदा कडांना करपला होता, वाफेने तिचा चष्मा धुरकटला. तिने पोळी तळहातावर पसरली, वर भाज्या रचल्या, साल्सा घातला, गुंडाळी केली. डोळे मिटले.

नेमका त्याच क्षणी शेवटच्या टेबलाचा सोहळा आटोपला आणि दालनात शांतता पसरली.

बाबागाडीत हालचाल झाली. बाळाच्या आईला हा क्रम पाठ होता. आधी मूठ, मग भुवया, मग खालचा ओठ. मूठ झाली होती.

"अहो!" ती ओरडली. हात कधी वर गेला, तिचे तिलाच कळले नाही. "हिचाही वाढदिवस आहे!"

"माझा?" डेंटिस्ट मैत्रीण म्हणाली.

"हो, तुझा. आम्ही जुळ्या."

"अगं, मगाशी मला शिकवत होतीस ना?" वकील मैत्रीण म्हणाली. "काय ते, खोटं कशाला बोलायचं?"

"तू गप. बाळ उठतंय."

ड्रम परत आला, मूठ सैल पडली. पण या वेळी समन्वयक तिच्याच हातांकडे बघत उभा राहिला. तिला गुंडाळी खाली ठेवून, उभे राहून टाळ्या वाजवाव्या लागल्या. तव्याचा आवाज एकेक सूर सोडत बारीक होत गेला. तिला व्यवस्थेचे मर्म कळले. गोंगाट हवा, पण तो दुसऱ्याच्या टेबलावर हवा.

गाणे संपले. मूठ. भुवया.

"ते निळ्या शर्टवाले," तिने बोट दाखवले. "त्यांचा आहे."

"त्यांचा झाला, मॅडम."

"त्या चष्मेवाल्या बाई?"

"त्यांचा तर आठवड्यातून एकदा असतो."

तेवढ्यात दार उघडले आणि सर्वसाधारण वर्गातले ते म्हातारे जोडपे लाल चकती हातात धरून आत आले. बसल्यावर आजींनी धीर करून समन्वयकाला बोलावले. "अहो, तेवढं गाणं यांच्यासाठी पण म्हणाल का? आज वाढदिवस आहे यांचा."

समन्वयकाची भुवई चढली. "मग बाहेर का नाही सांगितलंत?"

"जागेसाठी सांगायचं बरं नाही दिसत," आजोबा संकोचून म्हणाले. "लोकांना वाटेल, खोटं बोलतोय."

"हे पाहा आजोबा, इथे आजवर एकाही माणसाने जागा मिळाल्यावर वाढदिवस सांगितलेला नाही. जागा मिळाली की कारणच उरत नाही. त्यामुळे तुमचं प्रकरण संशयास्पद ठरतं. ओळखपत्र?"

"ते घरी राहिलं."

"मग साक्षीदार लागेल. विश्वासार्ह. म्हणजे ज्याचा वाढदिवस आमच्याकडे सिद्ध झालेला आहे असा." त्याने दालनाकडे वळून आवाज चढवला. "टोपीधारकांपैकी कुणी यांना ओळखतं का?"

टोपीधारकांनी आपापल्या ताटात बघितले. सर्वांना आजच्या तारखेविषयी सखोल बोलणे अडचणीचे होते.

बाबागाडीत खालचा ओठ दुमडला.

बाळाची आई टोपी सावरत उभी राहिली. "मी ओळखते! अगदी लहानपणापासून ओळखते."

"यांच्या?"

"माझ्या हो! दरवर्षी आमचा दोघांचा एकाच दिवशी असतो. वाजवा लवकर!"

साक्ष टोपीतून आलेली असल्यामुळे ग्राह्य धरली गेली. दालनाच्या त्या टोकाला ड्रम वाजला. इस्त्रीच्या शर्टातले आजोबा टोपीखाली लहान मुलासारखे हसले. या टोकाला ओठ सरळ झाला. बाळाच्या आईने खुर्चीत नीट बसून, दोन्ही हातांनी, अजून कोमट म्हणण्याइतपत गरम असलेला फाहिता शेवटच्या कांद्यापर्यंत खाल्ला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते मिरचीचे नव्हते.

आजींनी मात्र ते पाणी वेगळ्या हिशेबात धरले. निघताना त्या टेबलापाशी आल्या, केसांतले फूल काढून त्यांनी बाबागाडीत ठेवले. "पोरी, सगळे खाली माना घालून बसले होते. तू एकटी खऱ्यासाठी उभी राहिलीस."

"त्यात काय एवढं," बाळाची आई म्हणाली, आणि तिला लाज वाटली. लाज वाटूनही जेवण छान पचत होते.

बाहेर पडताना तिने पाहिले, तर रांग नव्हती. दारात समन्वयक एका कुटुंबाचे अभिनंदन करत होता आणि त्यांच्या मागचे कुटुंब, आपल्यापैकी कोण आज जन्मले, हे हलक्या आवाजात ठरवत होते. गाद्या घातलेली बाके रिकामी पडली होती.

ती अजूनही तिथेच आहेत, खऱ्या माणसांसाठी. ही गोष्ट वाचून ज्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, त्यांनी एकदा भुकेल्या पोटी जरूर जावे. समन्वयक विचारेल, "आज काही विशेष?" उत्तर द्यायला तोंड उघडण्याआधी फक्त एवढे करावे: नजर बाकाकडे आधी जाते की टोपीकडे, ते आपले आपण पाहून ठेवावे.