रिकामा पेनड्राइव्ह

आपल्या पॅकेजात कुणाचं तरी लग्न लागतंय, हे मृणालला कळलं ते परदेशातल्या एरिक नावाच्या माणसाकडून. त्याचं पत्र अतिशय सभ्य होतं. 'नमुन्यांच्या फोल्डरमध्ये एक गृहस्थ दुसऱ्या गृहस्थांना बळेच जिलबी भरवत आहेत. चिपच्या आराखड्यात ही पायरी नेमकी कुठे येते?'

चिपचा आराखडा काढायची फुकट आणि सगळ्यांना खुली असलेली सॉफ्टवेअरं जगात पुष्कळ आहेत, पण त्यांचं आपसात पटत नाही. एकाला जुनी सोबत लागते, दुसऱ्याला नवी, आणि तिसरं या दोघांपैकी एक जरी घरात दिसलं तर उंबऱ्यावरच अडून बसतं. म्हसळ्यात घरी बसून मृणाल या सगळ्यांची समजूत घालायची आणि त्यांना एका पॅकेजात नांदवायची. एरिक ज्या मोठ्या संग्रहाचा तपासनीस होता, त्यात हे पॅकेज गेलं असतं तर जगभरातल्या कॉलेजांत ते सहज पोचलं असतं. नाही गेलं, तर हा नाद सोडून पुण्याच्या नोकरीवर हजर व्हायचं, असं तिने वडिलांना, म्हणजे शिवदासरावांना, कबूल केलं होतं. शिवदासरावांनी बॅगसुद्धा माळ्यावरून काढून ठेवली होती.

लग्न आत शिरलं कुठून, हे शोधायला वेळ लागला नाही. मुरुडकडच्या एका कॉलेजातलं इंटरनेट यथातथाच. म्हणून मृणाल पॅकेज पेनड्राइव्हवर घालून दिघीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, आणि पुढे बोटीने तो खाडीपलीकडे जायचा. मुलांनी केलेले नमुने त्यात टाकून तुकारामकाकांनी, म्हणजे तिथल्या लॅबच्या सहायकांनी, तो परत पाठवायचा. आलेलं सगळं मृणालचा प्रोग्राम न बघता नव्या आवृत्तीत भरायचा. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, पेनड्राइव्हमध्ये लग्न कुणाचं आहे?"

"आमच्या लेकीचं, प्रणालीचं! बघितलंस? पोरांचे नमुने येवढेसे, बाकी सगळा रिकामा. तुझ्या घरनं आलेलं भांडं रिकामं कसं धाडायचं, बाय?"

मृणालने आईकडे पाहिलं. आवडाबाई कोकमं उन्हात पसरत होत्या. "बरोबर केलंन त्याने," त्या म्हणाल्या.

व्हिडिओ काढून टाकणं सोपं होतं, पण मग आवृत्ती बदलणार, तपासणी नव्याने होणार आणि संग्रहात शिरायची मुदत तर दुसऱ्याच दिवशी संपत होती. एरिकने दुसरी वाट सुचवली. लग्न राहू दे, पण ते कुणीही पाहावं, वाटावं आणि बदलावं, अशी मालकाची लेखी परवानगी हवी. लग्नाचा मालक कोण, यावर मृणालने फार विचार केला नाही. तिने पुन्हा काकांनाच गाठलं.

"बघू देत, वाटू देत," तुकारामकाका म्हणाले. "पण बदलायचं म्हंजे?"

फोन त्यांच्या बायकोने, कमळकाकींनी, ओढून घेतला. "त्यात बदलायचं काय? जावई?"

"नाही हो काकी. कुणी गाणं बदलेल, कुणी थोडं कापेल."

"कापेल? पनवेलच्या मामांना कापलंनी तर? अल्बमात आले न्हाईत म्हणून आधीच रुसलेत ते. त्या जिलबीत तेवढे दिसतात. अट घाल, मामांना कापायचं न्हाय."

"अट घातली की ते खुलं राहत नाही, काकी. मग ते घेणारच नाहीत."

पलीकडे कुकरची शिटी झाली. मृणालला माळ्यावरून उतरलेली बॅग दिसत होती. शेवटी आवडाबाईंनी हात पुसले आणि फोन घेतला.

"कमळ, तू डब्यातनं सांदणं धाडलीस, तर ती आम्ही तुपाशी खावीत की नारळाच्या दुधाशी, ते तू ठरवतेस काय?"

"न्हाय गं."

"मग?"

"विनंती तर करता येते?" काकींचा आवाज बारीक झाला होता.

विनंती करता येत होती. लेखी परवानगी एरिककडे रवाना झाली. लग्न आत कसं आलं, हे सांगताना भांड्याची पद्धतही मृणालने त्यात लिहिली, आणि शेवटी एक ओळ घातली: 'विनंती, अट नव्हे: मामांना शक्यतो ठेवावे.'

दुसऱ्या दिवशी एरिकचं उत्तर आलं. पॅकेज संग्रहात घेतलं होतं. मामा शाबूत होते. खाली लिहिलं होतं, 'भांड्याचं वाचलं. म्हणून मीही रिकामं परत करत नाही.' सोबत एक दुरुस्ती होती. मृणालने ती चालवून पाहिली आणि ते अडेलतट्टू तिसरं सॉफ्टवेअर मुकाट्याने आत येऊन बसलं. इतके महिने ती याच्याच मागे लागली होती. तिला रडूच आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

शिवदासरावांनी काही न विचारता बॅग माळ्यावर टाकली.

दुरुस्तीसोबत आणखी एक मोठी फाइल होती. ती एरिकच्या बहिणीच्या लग्नाची निघाली. आवडाबाईंनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली.

"पोर गोड हाय. पण पंगत काय दाखवलंनी न्हाय." त्यांनी चष्मा काढला. "मुरुडला फोन लाव गो."

"आता कशाला?"

"प्रणालीचं डोहाळजेवण कधी हाय ते विचार. त्या एरिकला काय रिकामं धाडायचं?"